खांदेरीच्या वाटेवरचे पाणी

नाशिककराचे डोळे नदीवर तयार झालेले असतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंडाकडे पूर पाहायला जायचे, आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला की छातीला, यावरून पुराची उंची एकमेकांना सांगायची, हा इथला जुना शिरस्ता आहे. त्या गर्दीत उभे राहून अहिल्यादेवी होळकर पुलाच्या खांबांपाशी थोडा वेळ नजर ठेवली, तर तिथे उठलेला पाण्याचा उंचवटा तासन्‌तास त्याच जागी असल्याचे दिसते. त्यातले पाणी क्षणाक्षणाला बदलत असते, पाणवेलींचे पुंजके आणि ओंडके त्यावरून सुसाट निघून जातात. उंचवटा मात्र तसूभर हलत नाही. समुद्रात याच्या उलट घडते. तिथे आकार पुढे जातो आणि पाणी थोडे वरखाली, थोडे मागेपुढे होऊन जवळजवळ जागेवरच राहते. नदीची सवय लागलेल्या माणसाला हे वाचून समजते, पण डोळ्यांना ते सहजी पटत नाही. माझ्या डोळ्यांना ते पटले ते अलिबागजवळच्या थळच्या बंदरातून खांदेरी बेटाकडे जाताना, आणि त्या प्रवासात पाण्यावर जे जे पाहिले, तेच इथे सविस्तर लिहीत आहे.

समुद्र तसा आमच्यापासून फार दूर नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटरवर आहे, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. नदीच्या या स्वभावामुळे असेल, पण नाशिकची माणसे समुद्राकडे बहुधा सुटीतली करमणूक म्हणूनच पाहतात. खांदेरीला निघताना बरोबरच्या मंडळींच्या मनात किल्ला होता. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आमच्या बागलाणातला साल्हेर आहे आणि खांदेरीही आहे. साल्हेर पाहून झाला होता, तेव्हा खांदेरी पाहणे ओघानेच आले. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी उभारायला घेतली, आणि मुंबईच्या तोंडावरचे हे बेट हातचे जाते आहे हे पाहून इंग्रज आणि सिद्दी दोघेही चवताळले. तो इतिहास रोमहर्षक आहे, परंतु त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पाण्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

निघण्याची वेळ घड्याळाने नव्हे, तिथीने ठरली. कोकणात भरतीचा एक सोपा हिशेब चालतो: तिथीच्या आकड्याला पाऊण तासाने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते. त्या दिवशी दशमी होती, म्हणजे भरती साडेसातला. नाखव्याने आम्हाला सातलाच धक्क्यावर बोलावले होते, कारण ओहोटीला थळचे बंदर इतके उथळ होते की होड्या चिखलात बसतात. मुंबई-अलिबागच्या परिसरात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. मालवणकडे तो याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, आणि उत्तरेला खंबातच्या आखातात कितीतरी अधिक. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना किनाऱ्यालगतची उथळ सागरी पट्टी रुंद होत जाते आणि पुढे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होते, म्हणून भरतीचे पाणी चढत जाते. दशमी म्हणजे भांगाचे दिवस. फरक कमी आणि पाण्याला ओढही कमी. पाणी निरखायला आलेल्या नवख्यासाठी ही तिथी चांगली, कारण प्रवाहाची ढवळाढवळ कमी असते.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा होता. किनाऱ्याजवळ तो पाण्यावर नीट टेकतच नाही. झाडे आणि घरे यांच्या आडोशामुळे पहिल्या काहीशे मीटरपर्यंत पाणी जवळपास सपाट होते. मधूनच एखादी झुळूक खाली उतरली की तेवढाच तुकडा काळसर व्हायचा आणि पुढे सरकत विरून जायचा. तो काळसरपणा म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या लांबीच्या बारीक तरंगांचे जाळे. हे तरंग आणि मोठ्या लाटा एका जातीचे नव्हेत. मोठी लाट खाली बसते ती गुरुत्वाकर्षणाने, तर बारीक तरंगाला सपाट करू पाहतो तो पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण. दोहोंची सीमा साधारण १.७ सेंटिमीटर लांबीच्या तरंगापाशी असते, आणि हाच पाण्यावरचा सर्वांत मंद तरंग होय: सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर. याहून लहान तरंग अधिक वेगाने जातात आणि मोठेही अधिक वेगाने जातात. लाटा जितक्या लहान तितक्या मंद असे आपण गृहीत धरतो, ते या एका ठिकाणी चुकते.

बंदरातून बाहेर पडताना काही पट्टे असे दिसले, जिथे झुळूक येऊनही पाणी काळे पडत नव्हते. मासे उतरवण्याच्या जागेजवळ डिझेलचा आणि माशांच्या तेलाचा तवंग असतोच. पण तो डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ झाला तरी बारीक तरंग मारून टाकतो. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल टाकून केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचा वृत्तान्त १७७४ मध्ये छापला गेला. तेवढ्या तेलाने सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे झाले, असे त्याने लिहिले आहे. बंदराच्या तोंडाशी दिसलेले ते गुळगुळीत पट्टे पाहताना मला पाण्याच्या सौंदर्यापेक्षा आपण त्यात काय काय सांडतो हेच जास्त जाणवले.

उंदेरीचा छोटा किल्ला डावीकडे दिसू लागला, तेव्हा होडी पहिल्यांदा संथपणे कलंडली. वारा तर पूर्वेचा आणि मंद होता; पाण्यावर पांढरा फेस कुठेही नव्हता. तरीही डावीकडून, नैऋत्येकडून, लांबलचक गोलसर फुगवटे येत होते, होडीखालून जात होते आणि किनाऱ्याकडे निघून जात होते. त्यांचे माथे मोजण्याचा मी प्रयत्न करत होतो, तेव्हा नाखवा म्हणाला, “दादा, लाट बघू नका, बोया बघा.” जाळ्यांना बांधलेले पांढरे बोये नांगरलेले असतात, त्यामुळे ते जागा सोडत नाहीत. फुगवटा आला की बोया वर चढतो, किंचित पुढे झुकतो, मग खाली उतरताना मागे येतो. प्रत्येक लाटेगणिक एक फेरी पुरी होते. गोदावरीत टाकलेला नारळ पुलाखालून निघून जातो. इथला बोया आणि त्याच्या भोवतीचा फेस मात्र तिथल्या तिथे फिरत होता, आणि लाट त्यांना ओलांडून पुढे जात होती. लाटेबरोबर प्रवास करते ती ऊर्जा, हे वाक्य शाळेत पाठ केलेले होते, पण त्याचा पुरावा त्या थर्मोकोलच्या तुकड्याने दिला.

दहा फुगवटे किती वेळात जातात ते मोजून दहाने भागले, तर सरासरी साधारण बारा सेकंद आली. या एका आकड्यातून किती गोष्टी निघतात हे सांगण्याचा मोह आवरत नाही. खोल पाण्यात लाटेचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये, म्हणजे कालावधीची १.५६ पट, आणि लाटेची लांबी म्हणजे कालावधीच्या वर्गाची १.५६ पट. बारा सेकंदांची लाट खोल समुद्रात ताशी ६७ किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्या दोन माथ्यांमध्ये सुमारे २२५ मीटर अंतर असते. लांबीच्या निम्म्याइतकी खोली उरली की लाटेला तळ जाणवू लागतो, म्हणजे ही लाट शंभराहून अधिक मीटर खोलीपासूनच तळाशी घासत येत असते. दहा मीटर खोलीच्या पाण्यात तिचा वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास उतरतो आणि लांबीही निम्म्यावर येते. कालावधी मात्र बारा सेकंदच राहतो. लाटेची लांबी, वेग आणि उंची वाटेत बदलत जातात. जन्माची खूण म्हणून टिकतो तो फक्त कालावधी.

आणि ती खूण दूरची होती. थळच्या समोरचा मतलई वारा बारा सेकंदांची लाट उठवूच शकत नाही. त्यासाठी मोठे वादळ, शेकडो किलोमीटरचे मोकळे पाणी आणि एक-दोन दिवस लागतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शांत हवेतही येणाऱ्या अशा नैऋत्येकडील लांब लाटांचा उगम बहुधा दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या वादळी पट्ट्यात असतो. तिथून इथपर्यंत सुमारे सात हजार किलोमीटर. लाटांचा समूह एकट्या लाटेच्या निम्म्या वेगाने सरकतो, म्हणून बारा सेकंदांच्या लाटांना हे अंतर कापायला आठ-नऊ दिवस लागतात; सोळा सेकंदांच्या लाटा त्याच वादळातून निघून दोन दिवस आधीच पोहोचतात. केरळात याच लाटा कधी अचानक चढून किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरते, त्याला तिथे कळ्ळक्कडल म्हणतात, आणि हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र त्याची आगाऊ सूचना देते. होडीत आमच्यापैकी एकाला मळमळू लागले होते. आठवडाभरापूर्वी अंटार्क्टिकाच्या दिशेला झालेल्या वादळाचा तो परिणाम आहे, ही माझी माहिती त्याला त्या वेळी विशेष उपयोगाची वाटली नाही.

उंदेरीच्या उत्तरेकडून जाताना कलंडणे थांबले. बेटाने नैऋत्येकडची लाट अडवली होती, आणि त्याच्या आडोशाला पाणी शांत होते. पण हा आडोसा भिंतीच्या सावलीसारखा रेखीव नसतो. बेटाच्या कडेला पाणी उथळ असते, तिथे लाटेचा तो भाग मंदावतो, खोल पाण्यातला भाग पुढे निघतो, आणि अख्खी रांग बेटाभोवती वळते. दोन्ही बाजूंनी वळून आलेल्या रांगा बेटाच्या मागे एकमेकींना छेदतात. आम्ही त्या छेदाच्या पट्ट्यातून गेलो. पाण्यावर तिरप्या चौकटी उमटल्या होत्या. जिथे दोन माथे जुळत तिथे एक टोक उसळत असे, आणि जिथे माथा आणि खळगा भेटत तिथे पाणी क्षणभर सपाट होत असे. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी याच छेदांवरून, बेट नजरेस पडण्याआधी, त्याची दिशा ओळखत. काड्या बांधून आणि बेटांच्या जागी कवड्या-शिंपले लावून ते या वळणाऱ्या लाटांचे नकाशे करत. मात्र ते शिकण्यासाठी असत, समुद्रावर नेले जात नसत. तिथे काम करायची ती होडीच्या हेलकाव्यांची आठवण. आमच्या नाखव्याला मार्शल बेटे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण उंदेरीचा आडोसा कुठे संपतो हे त्याने समोर न पाहता, सुकाणूवरचा हात घट्ट करून दाखवले.

एव्हाना माझे लक्ष होडीच्या मागे गेले होते. नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीत बदक किंवा वारकरी पक्षी पोहताना त्याच्यामागे पाचराच्या आकाराचा जो माग उमटतो, तोच माग आमच्यामागे होता, आणि दूरवरून मुंबई बंदराकडे निघालेल्या मालवाहू जहाजामागेही तोच होता. खोल पाण्यात या पाचराची प्रत्येक बाजू मधल्या रेषेशी साधारण साडेएकोणीस अंशांचा कोन करते. पक्षी असो की जहाज, वेग आणि आकार कितीही वेगळे असोत. लॉर्ड केल्व्हिनने १८८७ मध्ये हे गणिताने दाखवून दिले. फार वेगाने जाणाऱ्या स्पीडबोटीमागे कोन याहून अरुंद दिसतो, तो अपवाद. पाचराच्या आत, होडीच्या मार्गाला आडव्या, आणखी एक लाटांची रांग असते, आणि ती होडीच्याच वेगाने मागे मागे येते. त्यामुळे तिच्या दोन माथ्यांतले अंतर पाहून होडीचा वेग काढता येतो. ते अंतर मला सुमारे दहा मीटर वाटले. त्यावरून वेग सेकंदाला चार मीटर, ताशी चौदा-पंधरा किलोमीटर येतो. नाखव्याचा अंदाजही जवळपास तितकाच होता.

खांदेरीच्या किनाऱ्याकडच्या धक्क्यावर उतरल्यावर मंडळी वेताळाचे मंदिर, तोफा आणि १८६७ चे दीपगृह पाहायला वर गेली. मीही गेलो, पण लवकर खाली आलो आणि पश्चिमेच्या तटाशी बसलो. पांडवलेण्यांच्या डोंगराचा काळा कातळ तो हाच. फरक एवढाच की इथे त्याची समुद्राशी रोज दोनदा झटापट होते. एका जागी कातळ सरळ पाण्यात उतरला होता आणि त्याच्या शेजारी मोठमोठ्या दगडांचा उतार होता. उतारावर लाट फुटत होती, दगडांच्या फटींत शिरत होती आणि खळखळत परत येईपर्यंत तिचा जोर ओसरत होता. सरळ कातळावर ती फुटतच नव्हती. जशी आली तशी परतत होती, आणि येणारी व परतणारी लाट एकमेकींवर पडून पाणी जागच्या जागी प्रचंड वर-खाली होत होते. कातळाला लागून पाणी चढायचे तेव्हा थोड्या अंतरावर खळगा पडायचा, आणि पुढच्या क्षणी उलटे. एकही थेंब फुटलेला नसताना हा खेळ चालू होता, आणि तिथे होडी लावणे किती धोक्याचे असते हे वेगळे सांगायला नको. सागरी दुर्ग बांधणाऱ्यांना ही गोष्ट चांगली माहीत असावी. जवळच्या कुलाबा किल्ल्याचा तट चुना न वापरता मोठे दगड एकमेकांवर रचून बांधलेला आहे. फटींमधून पाणी आत शिरते आणि धक्का विरतो. आजच्या किनाऱ्यांवर सिमेंटच्या सपाट भिंती बांधणाऱ्यांनी तो तट जाऊन पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सरळ भिंतीवरून परतलेली लाट भिंतीच्या पायथ्याची वाळूच उपसून नेते.

तिथे बसल्यावर आणखी एक लय सापडली. लाटा एकसारख्या उंचीच्या येत नाहीत. चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ लहान, पुन्हा मोठ्या. अकरा सेकंदांची आणि बारा सेकंदांची लाट एकत्र येत असतील, तर त्यांचे माथे सुमारे दर दोन मिनिटांनी जुळतात आणि मध्ये एकमेकींना खाऊन टाकतात. शांत लाटा पाहून खडपांवर खाली उतरणारा माणूस पुढच्या घोळक्यात सापडतो तो यामुळेच. कालवे काढायला आलेल्या बायका उतरण्याआधी पाठ तटाला टेकवून चांगला वेळ नुसत्या पाहत बसल्या होत्या.

साडेदहापर्यंत ओहोटी अर्ध्यावर आली होती. भांगाचे दिवस असूनही, दोन बेटांच्या मधल्या पाण्यात बाहेर जाणारा प्रवाह आणि आत येणारी लाट यांची गाठ पडलेली वरून स्पष्ट दिसत होती: प्रवाहाच्या पट्ट्यात लाटा जवळजवळ आलेल्या, उभट आणि टोकदार, पट्ट्याबाहेर त्याच लाटा गोल. दोन्ही पाण्यांच्या सीमेवर फेस, पानांचा कचरा आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांची लांब ओळ लागली होती. तिथे दोन बाजूंचे पाणी एकत्र येऊन खाली जाते, आणि तरंगणारे जे असते ते वर उरते. मासे अशा ओळींखाली जमतात, त्यामुळे घारी आणि कुरव तिथेच घिरट्या घालत होते.

नाखवा घाई करू लागला, कारण वायव्येकडून खारा वारा सुरू होण्याची वेळ झाली होती. दुपार चढली की तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून वारा येतो, आणि तासाभरात पाण्याचा चेहरा पालटतो. आम्ही धक्का सोडला तेव्हा पहिले पांढरे शेंडे दिसू लागले होते. या लाटा लहान, दाट, तीनेक सेकंदांच्या आणि चौदा मीटर लांबीच्या. त्यांना तळ जाणवायला सात मीटर खोलीपर्यंत यावे लागते, म्हणून त्या बेटांना फारशा जुमानत नाहीत. आता त्या मागून, डाव्या अंगाने येत होत्या आणि होडीही जवळपास त्यांच्याच दिशेने चालली होती. त्यामुळे प्रत्येक लाट होडीच्या कडेला रेंगाळायची, पुढे जाऊ की नको असे करायची, आणि होडीत बसून मोजली तर कितीतरी जास्त वेळाने येत आहे असे वाटायचे. बोयाकडे पाहिले की खरा आकडा मिळायचा. त्याच बोयावर, तीन सेकंदांच्या थरथरीखाली, बारा सेकंदांचा जुना फुगवटाही अजून मोजता येत होता.

नाशिकहून कोणी जाणार असेल तर पावसाळा सोडून जावे, होडी आणि परवानगीची चौकशी आधीच करावी, आणि दशमी-एकादशीच्या आसपासचा दिवस निवडावा. जाताना डाव्या बाजूला बसावे, म्हणजे नैऋत्येची लाट समोरून येताना दिसते. येतानाही डावीकडेच, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या लाटा दिसतील, मात्र त्या बाजूला बसणारा भिजतो. सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ पुरे. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या फळीवर बसून क्षितिजाकडे पाहावे, बोयाकडे नव्हे.